आमच्या शाळेतला अवघड विषय : भांडण

मी बऱ्हाणपुरात आंधळ्या आणि बहिऱ्या पोरापोरींना खुर्चीला वेत भरायला, पलंगाची नवार विणायला, चूल पेटवायला आणि भांडायला शिकवलं. पहिल्या तीन कामांचा पगार मिळत असे. चौथं मी फुकट शिकवलं, कारण ते अभ्यासक्रमात नव्हतं. खरं सांगायचं तर बाकीची तिन्ही त्याच्यापुढं किरकोळ होती.

या अंकाच्या संपादकांनी लेखाला 'माझे सेवाव्रत' असं नाव सुचवलं होतं. मी ते खोडलं. व्रत म्हटलं की उपास आला, आणि मी त्या सगळ्या वर्षांत दोन्ही वेळा व्यवस्थित जेवत होतो. शिवाय ज्यांची सेवा केली म्हणायची, ती मंडळी मला 'खेकसे मास्तर' म्हणत. मला वाटे, मी चोरपावलांनी वर्गात शिरतोय. आंधळ्या पोरांना माझी चाहूल फाटकातच लागलेली असे, आणि ते नाव मला नीट ऐकू जाईल अशा बेतानं घेतलं जाई.

ही गोष्ट इंग्रजी अमदानीतली. शनवारा दरवाजाच्या आत कापसाची एक रिकामी वखार होती, तिथं ही शाळा भरे. चार कापूसवाले आणि एक निवृत्त मुन्सफ अशी कमिटी होती. परगावच्या अशाच एका संस्थेचं कोण्या साहेबानं कौतुक केलं होतं, ते या मंडळींच्या कानावर आलं आणि त्यांनी पाटी रंगवून घेतली. पाटी झाली, मुलं आली, मग मास्तर नाही हे लक्षात आलं. मी भुसावळला रेल्वेच्या वेटिंग रूममधल्या खुर्च्यांना वेत भरत असे. साहेब लोक बसून बसून वेत फाडत आणि मी तो पुन्हा भरत असे, साम्राज्याशी माझा संबंध एवढाच. मला शिकवण्याचा अनुभव नव्हता, पण मी स्वस्तात मिळत होतो.

कमिटीची अशी ठाम समजूत होती की आंधळ्याच्या बोटांत देवानं काहीतरी दैवी शक्ती ठेवलेली असते. पाहुणे आले की मुन्सफसाहेब एखाद्या पोराचा हात धरून वर उचलत आणि लोक त्या बोटांकडं पाहून सद्गदित होत. बोटांना देव वेगळं काही देत नाही. वेत भिजवायचा, चौकटीच्या भोकांतून आधी उभा ओढायचा, मग आडवा, मग तिरपा. कुठं घर चुकलं की मास्तर ओरडतो, ओरडला की सगळं उसवावं लागतं, आणि उसवून उसवून बोटं शहाणी होतात. डोळसांचीही तशीच होतात, फक्त त्यांना जास्त वेळ लागतो, कारण ती मधेमधे खिडकीबाहेर पाहतात.

घरकाम शिकवणं त्याहून कठीण होतं. पगार मी घेत असलो तरी माझी बायको दुपारी येऊन ते शिकवत असे. हंडा भरत आला की पाण्याचा आवाज बारीक होत जातो, तो ओळखायचा. दूध वर येताना आधी गप्प होतं आणि मग फसफसतं, त्या गप्प होण्याकडं कान ठेवायचा. चुलीजवळ बसण्याआधी पदर खोचायचा. आणि या सगळ्याच्या वर एक नियम होता: वस्तूची जागा बदलायची नाही. डोळस माणसाचं घर भिंतींचं असतं, आंधळ्याचं घर जागांचं असतं. मीठ डाव्या कोनाड्यात तर जन्मभर डाव्या कोनाड्यात. तिथं हात गेला आणि दुसरंच काही लागलं, तर त्या माणसाचं अख्खं घर हरवतं. आमच्या शाळेत कुणी झाडूसुद्धा भलत्या कोपऱ्यात ठेवला तर माझी बायको माझ्यावरही ओरडत असे.

आता तो चौथा विषय मला कसा सुचला ते सांगतो.

आमच्याकडं जगन नावाचा एक तरुण होता, जन्मापासून बहिरा आणि मुका. त्याला मी खटपट करून गिरणीत मागांच्या खात्यात चिकटवला. ज्यांनी ते खातं पाहिलं नाही त्यांना सांगतो, तिथं मागांचा एवढा खडखडाट असतो की चांगल्या कानाची माणसंसुद्धा एकमेकांशी हातवारे आणि ओठ हलवूनच बोलतात. तिथं गेल्यावर सगळेच बहिरे होतात. जगन आधीच तयार होऊन गेला होता. थोड्याच दिवसांत त्याचा मुकादम घाम पुसत शाळेत आला.

"मास्तर, तुमच्या जगनले समजवा. लई बोलते."

मला वाटलं, हा दुसऱ्याच कुणाच्या शाळेत आलाय. "अहो, तो मुका आहे."

"मुका कायचा! दोन्ही हातांनी बोलते. अख्ख्या खात्याले गावच्या भानगडी सांगते. कोनाची बायको माहेरी गेली, कोनाचा सासरा रुसून बसला. सगळे मान वळवून त्याच्याकडंच पाह्यतात अन् तिकडं सूत तुटते. पुन्हा केलं तं सरळ काढून टाकीन, सांगून ठेवतो."

संध्याकाळी मी जगनला समोर बसवून हे सगळं खाणाखुणांनी सांगितलं. मला वाटलं, पोरगा घाबरेल. त्यानं मुकादमाच्या रागाची हुबेहूब नक्कल केली, मग बोटानं दाखवलं की हाच चेहरा तो अमक्यालाही करतो, तमक्यालाही करतो, आणि मलाही केला. 'मलाही' म्हणताना त्यानं छातीवर असा हात मारला की मला हसू फुटलं. कमिटीनं त्याला भर सभेत फेटा बांधला होता, तेव्हा त्याचा चेहरा इतका फुलला नव्हता.

त्या दिवशी मला आमच्या धंद्याची किल्ली सापडली. आमच्या पोरांना काम येत असे, पण त्यांच्याशी कुणी भांडत नसे. सारा गाव त्यांच्याशी गोड होता. आंधळ्यानं विणलेली नवार ढिली निघाली तरी गिऱ्हाईक 'वा वा, फार छान' म्हणून घेऊन जाई आणि घरी जाऊन माळ्यावर टाकी. मग पुढल्या वेळी नवार कुठून घ्यायची? अर्थातच दुसरीकडून. मी कितीही खेकसलो तरी हा गोडवा माझं सगळं शिक्षण धुऊन टाकत असे.

दगडूचं हेच झालं. दगडू आमचा सगळ्यात चांगला नवार विणणारा. त्याच्या घरच्यांनी त्याला एका अमावास्येपुरतं म्हणून तापीच्या घाटावर दान घ्यायला नेऊन बसवलं आणि तो परत आला नाही. एकदा मी घाटावरून जात होतो, तर त्यानं मला खोकल्यावरून ओळखलं.

"मास्तर, खोकला गेला नही वाटते अजून."

"दगडू, नवार सोडलीस?"

"नवारीले कोन पुसते, मास्तर? इथं मी काही केलं नही तरी लोक पाया पडतात."

मी रागावून पुढं गेलो. मला त्याचं वाईट वाटलं, आणि तो मजेत होता याचं त्याहून जास्त वाईट वाटलं.

आणि मग सखू आली.

सखू निंबोल्याची. लहानपणी देवीचा आजार झाला, त्यात डोळे गेले. आईबाप पुढं वारले, घर भाऊ रावजी चालवत होता. शेती चांगली होती, खायला कमी नव्हतं. पण घरात एक समजूत पक्की होती की देवीनं डोळे नेले, म्हणजे पोर देवीची झाली. म्हणून दर चैत्रात इच्छापूरच्या जत्रेत तिला देवळाच्या पायरीवर बसवायचे. पुढ्यात पत्रावळ, डोक्यावर पदर. लोक नारळ, धान्य ठेवत. रावजी लोभी नव्हता, तो हे धर्म म्हणून करत असे, आणि म्हणूनच त्याच्याशी वाद घालणं अवघड होतं. वर्षभर ती मोकळी असे, म्हणून कापूस विकायला येताना त्यानं तिला आमच्याकडं आणून सोडली. पोर रिकामी बसण्यापेक्षा काहीतरी शिकेल, एवढाच त्याचा हिशोब होता.

पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "मास्तर, मले पायरीवर नही बसाचं. बाकी काही बी शिकवा."

"का गं? लोक पाया पडतात म्हणे."

"डोक्यावर हात ठेवतात. ज्याले वाटलं तो ठेवते, बकरीच्या डोक्यावर ठेवल्यावानी. अन् मले तिथं बोलता येत नही. काही बोललं तं म्हनतात, देवीची लेक कोपली, आनि अजून नारळ ठेवतात."

ही पोर मला त्याच क्षणी आवडली. ती नवार झपाट्यानं शिकली. चूल शिकली. भाकरी तर अशी थापू लागली की माझी बायको थोडी नाराजच झाली. मग तिनं सांगितलं की तिला स्वतंत्र खोली घेऊन राहायचंय, स्वतःची चूल, स्वतःचा माग. कमिटीत हे निघालं तेव्हा मुन्सफसाहेबांचा चष्मा घसरला. तरणी मुलगी, त्यात आंधळी, एकटी राहणार, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, जे म्हणतील ते ऐकायला ती बहिरी नाही. हे उत्तर कार्यवृत्तात घेतलं गेलं नाही, पण परवानगी मिळाली.

रावजी मात्र सरळ माणूस. कापूस घेऊन आला तेव्हा मी त्याला हे सांगितलं, तर त्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि एक अट घातली.

"चैत्राच्या आधी मी येईन. तिच्या हातचं जेवीन. दुसऱ्या कोनाचा हात लागला नसला पाह्यजे. घर तिले चालवता येते असं दिसलं, तं राहू द्या. नही तं जत्रेले घेऊन जाईन, आनि मंग शाळा-बिळा बंद. तिनं देवीपाशी राह्याचं."

सखूनं मान हलवली. मीही हलवली. तोवर मला खात्री होती की हे सोपं आहे.

खोली मी मुद्दाम शोधून काढली. इतवारा मोहल्ल्यात जमनाबाई नावाची एक विधवा होती. नवरा रंगारी होता, तो गेल्यावर रंगाच्या नांदी, तुरटीचे डबे आणि दोन रिकाम्या खोल्या मागं राहिल्या होत्या. ही बाई म्हणजे इतवाऱ्यातलं एक हत्यार होतं. दूधवाला तिच्या दारात येताना आधी खाकरून देवाचं नाव घेई. म्युनिसिपालटीचा शिपाई तिच्याकडं जाण्याची पाळी दुसऱ्यावर ढकली. वरातीचे बाजेवाले तिच्या घरापुरतं वाजवणं थांबवत आणि कोपऱ्यावर गेल्यावर पुन्हा सुरू करत. माझा बेत असा होता की अशा बाईच्या घरात सखूला गोडव्याचा वाराही लागणार नाही.

आणि जमनाबाईनं सखूच्या चेहऱ्यावरचे देवीचे वण पाहिले मात्र, ती लोण्यासारखी वितळली.

"अगं माझी माय! देवीची लेक माझ्या घरी आली! मास्तर, या लेकराले चुलीजवळ बसवाले तुमचं मन तरी कसं होते? पत्थरदिल माणूस हात तुम्ही."

त्यानंतर सखूच्या खोलीत जेवणाची ताटं येऊ लागली. लाडू येऊ लागले. भाडं घेताना जमनाबाई डोळे पुसू लागली. मोहल्ल्याच्या नळावर बायकांची रांग असे, तिथं ती सखूचा हात धरून तिचा हंडा स्वतः घेऊन जाई आणि ओरडे, "हटा, हटा, देवीची लेक आली!" आणि ज्या बायका एरवी एका बादलीसाठी एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरत, त्या बाजूला होऊन हात जोडत. इच्छापूरची पायरी चालत इतवाऱ्यात आली होती. मी कपाळाला हात लावला.

"मावशी लई गोड हाये, मास्तर," सखू रडकुंडीला येऊन म्हणाली. "तिचं काय करावं मले समजत नही. मी खोलीत नसली की आवराले येते. काल पाटा सापडला नही मले."

"मग भांड तिच्याशी."

"मले भांडता येत नही. घरी नेहमी सांगायचे, तुह्यासाठी एवढं करतात, गुमान राह्य."

इथून माझा चौथा विषय सुरू झाला. संध्याकाळी वखारीत भांडणाचा वर्ग भरू लागला. माझी बायको म्हणाली की या विषयाला यांच्याइतका लायक मास्तर मध्य प्रांतात मिळणार नाही. मी जमनाबाई व्हायचो आणि सखूनं मला बोलायचं. ती सुरू करायची, "मावशी, तुम्ही लई चांगल्या हात, पन..." आणि त्या 'पन'वर गाडी अडायची. मी म्हणायचो, 'चांगल्या हात' हे काढ. ती म्हणायची, मंग सुरुवात कशी करू?

एकदा गिरणीची सुट्टी होती म्हणून जगन आला होता. मी म्हटलं, आज याच्याशी भांड. हा गिऱ्हाईक, तुझी नवार वाईट म्हणतोय. दोघं समोरासमोर उभी राहिली. जगननं हातवारे करून अशा काही शिव्या दिल्या की मला शरम वाटली, पण त्या सखूला दिसत नव्हत्या. सखू धीर करून दोन-चार वाक्यं बऱ्यापैकी कडक बोलली, ती जगनला ऐकू जात नव्हती. शेवटी दोघंही दमून खाली बसली, एकमेकांवर खूश. इतकं निरुपद्रवी भांडण मी आयुष्यात पाहिलं नाही.

मग मीच जमनाबाईकडं गेलो आणि सांगितलं की सखूच्या खोलीला हात लावत जाऊ नका, तिचा भाऊ येणार आहे, त्यानं तिला नेलं तर ती पायरीवर जाईल. जमनाबाईनं माझं मनापासून ऐकून घेतलं आणि मग मला असं फैलावर घेतलं की शेजारच्या गच्चीवर माणसं जमली. मी पत्थरदिल, मी राक्षस, मी पोरीला राबवून कमिटीचं नाव करतो. माझ्याशी ती इतकं सुंदर भांडली, आणि ज्या पोरीला त्याची गरज होती तिच्या वाट्याला लाडू.

रावजी ठरल्याप्रमाणे आला. त्या सकाळी सखूनं एकटीनं सगळं केलं. तुरीचं वरण, वांग्याची भाजी, ज्वारीच्या भाकरी. मी साक्षीदार म्हणून बसलो होतो. जमनाबाई दारात उभी राहून कौतुकानं पाहत होती, तिला मी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. सखूनं आधी देवीचा नैवेद्य बाजूला काढला, मग भावाचं पान वाढलं. एक थेंब सांडला नाही. रावजी हे सगळं बारीक नजरेनं बघत होता आणि त्याच्या कपाळावरची आठी कमी होत होती. मला वाटलं, जिंकलो.

त्यानं वरणाचा घास घेतला आणि त्याचं तोंड असं आवळलं की मिशासुद्धा आत गेल्या.

सखूला दिसत नव्हतं, पण चघळण्याचा आवाज थांबलेला तिला कळला. "काय झालं, दादा?"

रावजीनं घास कसाबसा गिळला. "काही नही झालं, बाई. उठ. सामान बांध." त्याचा आवाज अगदी मऊ होता. तो रागावला असता तर मी काहीतरी बोललो असतो.

सखूनं वरणात बोट बुडवून चाखलं. मग ती उठली, डाव्या कोनाड्याशी गेली, मिठाच्या मडक्यातली चिमूट जिभेवर ठेवली आणि तिथंच उभी राहिली.

"ही तुरटी हाये. माह्या मिठाच्या मडक्यात तुरटी कोन भरली?"

"मी भरली काल, बेटा," जमनाबाई दारातून म्हणाली. "तुझं मीठ ओलं होऊ राह्यलं व्हतं ना. म्हनून माझ्या चिनीच्या बरणीत घालून वरच्या फळीवर ठेवलं, लई छान बरणी हाये. अन् मडकं रिकामं काहून ठेवाचं? आमच्या यांची तुरटीची भुकटी पडली व्हती, ती त्यात भरली."

मला वाटलं, पोर आता रडणार. ती रडली असती तर सगळं संपलं होतं, जमनाबाईनं तिला कुशीत घेतलं असतं आणि रावजीनं गाडीत बसवलं असतं.

"कोनाले इचारून?" सखू म्हणाली.

"अगं तुझ्यासाठीच तं..."

"माह्यासाठी नही!" तिचा आवाज असा चढला की रावजीच्या हातातला पेला हिंदकळला. "माह्या कोनाड्याले हात लावाचा नही म्हनून किती बार सांगतलं तुम्हाले! तुमच्या घरात येऊन कोनी तुमची चूल उचलून पलंगावर ठेवली तं चालीन? मी भाडं भरते. फुकट नही राह्यत. देवीची लेक, देवीची लेक! देवीले तुरटी खाऊ घालता काय तुम्ही?"

'तुम्ही लई चांगल्या हात' कुठंच आलं नव्हतं.

जमनाबाईच्या तोंडाचा आ झाला. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर तिचा जुना रंग चढला. तिनं पदर कमरेला खोचला आणि मी घातलेली बंदी विसरून ती उंबरा ओलांडून आत आली.

"ओ! ओ सखू! जबान संभाळ! ती माझ्या मालकाची तुरटी हाये, एक नंबरची! तुझ्या फुटक्या मडक्याले एवढी इज्जत कधी मिळाली नव्हती! अन् जीभ एवढी लंबी हाये, तं वाढाच्या आधी चाखलं काहून नही?"

"निवदाचं कोनी चाखते का? एवढं बी समजत नही तुम्हाले?"

"मले समजत नही? मले? चार दिवस चूल काय पेटवली, मलेच शिकवाले लागली!"

"चल सखू," रावजी मधेच उठत म्हणाला, "हे असं कोनाच्या घरी..."

"तू बस रे!" जमनाबाई त्याच्याकडं न पाहता कडाडली. "आमचं चालू हाये, दिसत नही? अन् नेतो कुठं तिले? महिना भरल्याबिगर माझी खोली सोडता येत नही. भाडेकरीन हाये माझी, कोनी पाहुनी नही!"

रावजी खाली बसला. इतवाऱ्यात जमनाबाईनं बस म्हटल्यावर म्युनिसिपालटीचा शिपाईही बसत असे. दोघींचं पुढं चाललं. पाटा निघाला, लाडू निघाले, नळावरचा हंडा निघाला. एकीचा हात कमरेवर, दुसरीचा हवेत. रावजी तोंड उघडं टाकून बहिणीकडं पाहत होता. मग माझ्याकडं झुकून तो अगदी हळू म्हणाला, "मास्तर, ही आमच्या मायसारखी भांडते."

त्यानं पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले. मला माझं नाक शिंकरावं लागलं.

सखूनं ते वरण मोरीत ओतलं, भाजीही ओतली, फळीवरून चिनीची बरणी हातानं शोधून काढली, मीठ चाखून पाहिलं आणि पुन्हा डाळ शिजायला घातली. जमनाबाईला तिनं अंगणात काढलं. ती अंगणातून बोलत होती आणि सखू चुलीवर फुंकर मारता मारता आतून जबाब देत होती. दुपार कलली तेव्हा रावजीचं पान पुन्हा वाढलं गेलं. तो पोटभर जेवला, मीठ जरा जास्त झालंय म्हणाला आणि वर भाकरी मागून घेतली. जाताना त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवायला म्हणून उचलला, थांबला आणि विचारलं, "ठेवू?" ती म्हणाली, "ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम नळावरून गेलो. जमनाबाई रांगेत पुढं उभी होती. सखू हंडा घेऊन आली आणि सवयीनं पुढं सरकली. "पीछे! पीछे जा!" जमनाबाई ओरडली. "रांग दिसत नही का?" मग तिनं जीभ चावली, पण शब्द परत घेतला नाही. सखू हसत शेवटी जाऊन उभी राहिली. बाकीच्या बायकांनी हात जोडायचे की नाही याचा थोडा विचार केला आणि मग त्याही आपापल्या भांडणाला लागल्या. काही दिवस दोघींचं बोलणं बंद होतं. मग एका संध्याकाळी जमनाबाईच्या पलंगाची नवार सखूनं विणून दिली, तिनं ती दोनदा ढिली म्हणून परत केली आणि तिसऱ्यांदा ठेवून घेतली.

शाळा पुढं बंद पडली. कमिटीतले दोघं वारले, मुन्सफसाहेब मुलाकडं नागपूरला गेले, आणि वखारीत पुन्हा कापसाचे गठ्ठे आले. पण त्या चैत्रात ती चालू होती, आणि सखू इच्छापूरच्या जत्रेला गेली. जमनाबाईला दर्शनाला जायचं होतं, तिनं बैलगाडी केली आणि सखूला बरोबर घेतलं. सखू त्या पायऱ्या चढून वर गेली, दर्शन घेतलं आणि पायऱ्या उतरून बाजारात आली. एवढंच.

परत आल्यावर ती घरी न जाता तडक शाळेत आली. मी एका खुर्चीचा वेत उसवत बसलो होतो. तिला धाप लागली होती आणि चेहरा असा उजळला होता की मी हातातलं काम ठेवलं.

"मास्तर! बांगडीवाल्यानं मले लुबाडाले पाह्यलं!"

"म्हणजे?"

"मावशीले एक भाव सांगतला, अन् मले दुप्पट! आंधळी हाये म्हनून फुकट नही दिल्या, मास्तर. डोक्यावर हात नही ठेवला. चक्क फसवाले लागला!"

"मग तू काय केलंस?"

"काय करीन? लई भांडली. मावशी म्हने, चल आता, सोड त्याले. मी नही सोडलं." आणि तिनं दोन्ही मनगटं माझ्या कानाशी आणून बांगड्या वाजवल्या.